बायका बाहीबद्दल बोलतात, आपण सेलिब्रिटीबद्दल विचारतो

समजा, तुमच्या सिनॉप्सिसचा विषय असा आहे: शॉपिंग टीव्हीवर सेलिब्रिटींच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कपड्यांबद्दल साठीपुढच्या स्त्रियांची मतं. आरआरसीसमोर पहिला प्रश्न येणार, ‘थिअरेटिकल फ्रेमवर्क काय घेतलंय?’ आणि बहुतेकांच्या तोंडून ठरलेली दोन उत्तरं बाहेर पडणार. एक तर पॅरासोशल इंटरॅक्शन, नाहीतर सोर्स क्रेडिबिलिटी. समिती मान डोलावते, विषय मंजूर होतो, आणि पुढची चार वर्षं तुम्ही चुकीच्या गोष्टीबद्दल प्रश्न विचारत राहता.

मला आज या दोन चौकटींशी जरा भांडायचंय. त्या मुळात वाईट आहेत असं नाही. या विशिष्ट स्त्रियांचं बोलणं त्यांत घातलं की त्यातलं नेमकं काय गळून जातं, ते दाखवायचंय.

आधी क्षेत्र समजून घेऊ. आपल्याकडे टेलिशॉपिंग म्हटलं की रात्री उशिरा दिसणारे पोट कमी करायचे पट्टे आठवतात. अमेरिकेतलं क्यूव्हीसी हे प्रकरण वेगळं आहे. जोसेफ सेगल यांनी १९८६ मध्ये ते सुरू केलं. ब्रिटनमध्ये ते १९९३ पासून आहे. तासन्‌तास थेट प्रक्षेपण, एक निवेदक, शेजारी पाहुणा, आणि पडद्याच्या कडेला किंमत, वस्तूचा क्रमांक, कोणता रंग आणि कोणता साइज संपत आला याची नोंद. जोन रिव्हर्स ही विनोदी कलाकार १९९० पासून इथे दागिने आणि पुढे कपडेही विकत होती. फॅशनच्या जगातून आयझॅक मिझराही आला. ब्रिटनच्या वाहिनीवर टीव्ही निवेदिका रुथ लँग्सफर्डची स्वतःच्या नावाची रेंज आहे. या वाहिन्यांचा प्रेक्षकवर्ग मध्यमवयाच्या पुढच्या स्त्रियांचा. इतका, की २०२४ मध्ये क्यूव्हीसीने पन्नाशीपुढच्या बायकांसाठी म्हणून उघडपणे एक मोहीमच काढली.

आता या बायका बोलतात काय? त्यांचे अभिप्राय सलग वाचायला बसा. पहिल्या अर्ध्या तासातच एक गोष्ट लक्षात येते: सेलिब्रिटीचं नाव पहिल्या वाक्यात येतं आणि मग जवळजवळ गायब होतं. उरतं ते बाहीबद्दल. बाही कोपरापर्यंत आहे की दंडावरच संपते. मुंढा काचतो का. पाठीमागून उंची पुरते का, की खाली वाकलं की कपडा वर सरकतो. दोनदा धुतल्यावर गोळे येतात का. इस्त्री लागते का. मॉडेलच्या अंगावर गुडघ्याला टेकणारा अंगरखा पाच फुटी बाईच्या पोटऱ्यांपर्यंत येतो, ही तर कायमची तक्रार. हे सगळं शिंप्याच्या दुकानातलं बोलणं आहे, चाहत्यांचं नव्हे.

हे बोलणं पॅरासोशलच्या चाळणीतून काढलं की हाती काय राहतं? पहिलं वाक्य. बाकी सगळं ‘इतर’ या कोडखाली.

इथे जरा थांबून मूळ लेखाकडे जाऊ. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांचा तो लेख १९५६ चा, ‘सायकिअट्री’ या नियतकालिकात आलेला. टीव्हीवरचा माणूस आपल्याशीच बोलतोय असं वाटणं, दुरूनच जुळणारी एकतर्फी जवळीक, ही त्यांची कल्पना. लेख लहान आहे आणि सगळे त्याचा दाखला देतात. पण त्यातला अर्धाच भाग प्रवास करून आपल्यापर्यंत पोचला. एकाकी लोकांना अशी जवळीक आधार देते, हे त्यांनी लिहिलंय खरं. पण बहुसंख्य प्रेक्षकांच्या बाबतीत ती नेहमीच्या नात्यागोत्यांच्या जोडीने चालते आणि खऱ्या सहवासाची जागा घेऊ लागली तरच तिला विकृती म्हणता येईल, हेही त्यांनीच लिहिलंय. हा दुसरा भाग गाळला की काय होतं, तर ‘वृद्ध स्त्री’ आणि ‘टीव्ही’ हे दोन शब्द शेजारी आले की ‘एकाकीपणा’ हा तिसरा शब्द आपोआप येतो. कुणी मोजलेला नसतो. बिचारी आजी, तिला बोलायला कोणी नाही, म्हणून ती जाकीट विकत घेते! जाकीट हवं होतं म्हणून घेतलं, ही शक्यता कुठल्याच गृहीतकात नसते. तिशीतल्या बाईने ऑनलाइन ड्रेस मागवला तर तिच्या एकटेपणावर आपण पेपर लिहितो का?

दुसरी चौकट रुबिना ओहानियन यांची. १९९० साली ‘जर्नल ऑफ अ‍ॅडव्हर्टायझिंग’मध्ये त्यांनी सेलिब्रिटीची विश्वासार्हता मोजायची पट्टी दिली: आकर्षकता, विश्वासपात्रता, जाणकारी, प्रत्येकी पाच अशा पंधरा जोड्या. आपल्याकडच्या एमबीए-पीएचडींमध्ये ही पट्टी पोह्यांसारखी झालीय, झटपट होते आणि कोणालाही चालते. दोनशे फॉर्म भरून घ्या, एसपीएसएसमध्ये टाका, तीन घटक बाहेर येतात. येणारच, कारण तुम्ही तेवढंच आत टाकलंय. पंधराच्या पंधरा जोड्या माणसाबद्दल आहेत. कपड्याबद्दल एकही नाही. शिवाय ही पट्टी जाहिरातीसाठी बनली. तिथे सेलिब्रिटी दुसऱ्या कुणाच्यातरी मालाची शिफारस करते. इथे तिचं नाव कपड्याच्या आत लेबलवर शिवलेलं असतं आणि ती ‘मी ही बाही लांब ठेवायला सांगितली’ असं सांगत असते. शिफारस करणारी आणि जबाबदारी घेणारी, या दोन वेगळ्या भूमिका आहेत. (त्या जोड्यांमध्ये ‘सेक्सी आहे – नाही’ अशीही एक आहे. बहात्तर वर्षांच्या बाईंसमोर ती वाचून दाखवायची तयारी ठेवा.)

मग वाचायचं काय? माझ्या मते याहून जुनं आणि याहून कामाचं पुस्तक आहे रॉबर्ट मर्टन यांचं ‘मास पर्सुएजन’, १९४६ चं. टीव्हीशी त्याचा काहीही संबंध नाही. २१ सप्टेंबर १९४३ ला गायिका केट स्मिथ अमेरिकेतल्या सीबीएस रेडिओवर सुमारे अठरा तास पुन्हा पुन्हा येऊन लोकांना युद्धरोखे घ्यायचं आवाहन करत राहिली. त्या दिवसात सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलरच्या रोख्यांची मागणी आली. घरबसल्या ऐकायचं, फोन उचलायचा, पैसे द्यायचे: शॉपिंग टीव्हीचा सांगाडा इथेच उभा आहे.

मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारण शंभर श्रोत्यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या, आणि त्यांत रोखे न घेतलेलेही होते. हे वाक्य पुन्हा वाचा. ज्यांनी घेतले नाहीत त्यांनाही विचारलं. त्यामुळे ‘लोक का भुलले’ या प्रश्नाऐवजी ‘लोकांनी काय तोललं’ हा प्रश्न शक्य झाला. उत्तरंही साधी नव्हती. केट स्मिथ नाजूक सुंदरी नव्हती, जाडजूड, घरगुती वाटणारी बाई होती, आणि हेच लोकांना तिच्या खरेपणाचं लक्षण वाटलं. अठरा तास ती हलली नाही, हाही एक पुरावा धरला गेला. म्हणजे लोक पुरावे शोधत होते. विश्वास आंधळा नव्हता, त्याला कारणं होती, आणि कारणं विचारल्याशिवाय कळत नाहीत. मर्टन भोळे नव्हते. आपुलकीचा देखावा करून माणसाला वापरून घेणं याला त्यांनी खोट्या समाजभावनेचं नाव देऊन चांगलंच झोडपलंय. तरीही त्यांनी श्रोत्यांना मूर्ख ठरवलं नाही. ही कसरत मला आजच्या पेपरांत फार कमी दिसते.

कपड्याच्या बाजूने वाचायचं तर ज्युलिया ट्विग. त्यांचं ‘फॅशन अँड एज’ (२०१३) हे पुस्तक तुमच्या ग्रंथालयात नसेल तर मागवायला लावा. त्याआधी ब्रिटनमधल्या कपड्यांच्या दुकानसाखळ्यांवर त्यांनी एक लेख लिहिला होता. त्यात वय वाढलं की शरीराचा आकार बदलतो आणि कंपन्या काट कशी बदलतात हे येतं: कंबर सैल, उंची जास्त, बाही हवीच. एक वरवर क्षुल्लक वाटणारी गोष्ट त्यांनी समाजशास्त्राच्या मध्यभागी आणून ठेवली. माझी तक्रार एकच. त्या लेखात बोलतात ते कपडे बनवणारे आणि विकणारे. बाही लावली हे ते सांगतात. ती बाही दंडावर कशी बसली हे घालणारीने सांगायचं असतं. शॉपिंग टीव्हीवरचे अभिप्राय हीच उरलेली अर्धी बाजू आहेत, वस्तूच्या क्रमांकासकट.

या दोघांना एकत्र वाचल्यावर मला जे वाटतं ते मांडतो. या बायकांसाठी सेलिब्रिटीचं नाव बहुतेक वेळा मापाचं काम करतं. दुकानागणिक लार्जचा अर्थ बदलतो. पण एका नावाच्या रेंजमधलं लार्ज एकदा अंगाला बसलं की तेच नाव पुढच्या वेळी मागवायचं, कारण काट बहुधा तीच असणार. नाव म्हणजे न पाहता मागवायची सोय. असं असेल तर राग कधी येईल? सेलिब्रिटी कुठे काही वेडंवाकडं बोलली तेव्हा नव्हे, तर काट बदलली, कापड पातळ झालं, तेव्हा. आणि हे तपासता येतं. दहा कपडे ठेवून अकरावा परत पाठवणारी बाई शोधा. तिच्या एका परिच्छेदात दोनशे फॉर्मांपेक्षा जास्त असतं.

म्हणजे माया नसतेच का? असते. जीन बाइस या बाईंचं उदाहरण घ्या. ‘क्वॅकर फॅक्टरी’ नावाचे टिकल्यांचे, चमचमते स्वेटर त्या क्यूव्हीसीवर विकायच्या, आणि फोन करणाऱ्या बायका बदकासारखं ‘क्वॅक क्वॅक’ करून बोलायला सुरुवात करायच्या. २०११ मध्ये त्या वारल्या. ही जवळीक नाही असं कोण म्हणेल? पण बघा, बाइस आधी प्रसिद्ध नव्हत्या. याच वाहिनीने आणि याच बायकांनी त्यांना प्रसिद्ध केलं. म्हणजे इथे प्रसिद्धी कपड्यातून आली, उलट दिशेने. ‘सेलिब्रिटी’ हा शब्द आपल्या शीर्षकात एकच आहे, क्षेत्रात मात्र निदान दोन प्रकारच्या व्यक्ती आहेत. वेगळ्या मोजा.

आता सामग्रीबद्दल सावधगिरी. वाहिनीवर थेट ऐकू येणारे ग्राहकांचे फोन आधी निवडलेले असतात; त्यांत नाराज आवाज जवळजवळ नसतो. तो विक्रीचाच भाग आहे, त्याला ‘मत’ म्हणून कोड करू नका. विक्रेत्याच्याच पानावरचे अभिप्राय त्याहून बरे, पण तिथेही लिहिणारी बाई विकत घेतलेली असते. न घेतलेली कुठेच नाही. मर्टनची आठवण ठेवायची ती इथे. तिच्यासाठी मुलाखतच घ्यावी लागेल.

आणि ही सगळी मांडणी उचलून आपल्याकडे आणायचा मोह होईल. २००८ मध्ये सुरू झालेल्या होमशॉप१८ वर शिल्पा शेट्टीच्या नावाच्या साड्या विकल्या गेल्या आहेत, म्हणजे तुलना तयारच, असं वाटेल. पण साडीला बाही नसते. साडेपाच मीटर सगळ्यांना सारखेच, आणि मापाचं सगळं दुखणं ब्लाउजपीसमध्ये, जो आपल्या ठरलेल्या शिंप्याकडे जातो. मग इथे नाव मापाचं काम करूच शकत नाही. ते रंग पडद्यावर दिसला तसाच येईल याची हमी देतं का? काठ, पदर, पोत? की इथे खरंच नावाची भुरळ जास्त आहे? माझा तर्क भुरळीकडे झुकतो, पण तो तर्क आहे. यावर कुणी काम करणार असेल तर ट्विग यांच्या लेखातले मुद्दे जसेच्या तसे भाषांतरित करून प्रश्नावली बनवू नका. आधी चार बायकांच्या कपाटासमोर बसा.

मुलाखतीत मी स्वतः एकच प्रश्न आधी विचारतो: शेवटचा कोणता कपडा परत पाठवलात, आणि का? सेलिब्रिटीचं नाव मी घेत नाही. ते त्यांनी काढलं तर कितव्या मिनिटाला काढलं, एवढं मात्र वहीत लिहून ठेवतो.