फिर्याद आणि कोर्ट

चोखोबावर लिहायचं म्हंजे आमच्या वस्तीत दोन्हीकडून मार. म्हातारे म्हणतात, संताला बोलू नको. पोरं म्हणतात, लाचार माणसावर कागद कशाला नासतोस? मी सातवीतून शाळा सोडली. रात्रपाळीच्या सुट्टीत, कांड्यांच्या पेटीवर बसून त्याचे अभंग वाचले. मला तो लाचार वाटला नाही.

कीर्तनकार सांगतात, चोख्यानं सगळं विठ्ठलावर सोडलं. सोडलं कुठं? बडव्यांनी मारलं, देवाचा हार गळ्यात आला कसा म्हणून शिव्या दिल्या, हे तो स्वच्छ सांगतो. ही फिर्याद आहे. कीर्तनानं तिची सोशिकता करून टाकली.

घोटाळा कोर्टाचा आहे. ज्याच्या दारातून हाकललं, त्याच्याकडंच दाद! 1338 साली मंगळवेढ्यात कूस कोसळून चोखा मजुरांबरोबर गाडला गेला. फिर्याद तशीच पडून. त्याचा पोरगा कर्ममेळा पुढं गेला. उष्टं खाण्यात जन्म गेला, याची लाज देवाला कशी नाही, असं त्यानं विचारलं. न्यायाधीशच पिंजऱ्यात उभा केला. मला शाळेत बाप भेटला. हा पोरगा कुणी भेटवला नाही.

आता आपल्या कवितेकडं या. आपण देव काढला आणि त्या जागी कोयता ठेवला. मीही ठेवला. जॉबरनं सगळ्या खात्यादेखत मला जातीवरून शिवी हासडली. आई म्हणाली, "जाऊ दे लेकरा, वरचा बघतोय." मला तिचाच राग आला. त्या रात्री कवितेत मी जॉबरचं मुंडकं उडवलं. दोस्तांनी वाहवा केली. झोप झकास लागली. दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढं मान खाली घालून साचा सुरू केला. म्हंजे आईची प्रार्थना आणि माझी कविता एकाच माळेच्या. जॉबरचं दोन्हींनी काय बिघडलं?

महाड आठवा. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर आपल्या माणसांची डोकी फोडली. आपल्यात पलटणीतले गडी होते, एका शब्दाची वाट बघत. बाबासाहेबांनी हात उगारू दिला नाही. पण देवावरही सोडलं नाही. हल्लेखोरांना शिक्षा लागल्या. तळ्याचा दावा लढवला, आणि 17 मार्च 1937 ला हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला.

कोर्टात उशीर होतो, साक्षीदार फुटतात, ठाऊक आहे. पण खालचा निकाल पटला नाही तर वर जाता येतं. विठोबाच्या वर कोण?

मी ती कविता फाडली नाही. मुंडकं तेवढं खोडलं. त्या जागी शिवी, तारीख, पाळी आणि ऐकणारे तिघं लिहिले. ती कविता उरली का, ते तुम्ही ठरवा. चारचौघांत दिलेली अशी शिवी 1989 च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात गुन्हा आहे. तक्रार दिलीय. तिघांतले दोघं साक्षीला तयार आहेत.