‘कोलेटी कुठे आहे?’ : बक्षीस लागलेला चेहरा

गुप्तहेराच्या गोष्टीची एक ठरलेली रीत असते. गुन्हेगार लपतो, गुप्तहेर शोधतो आणि आपण त्याच्या मागे मागे जातो. १९१३ साली जर्मन दिग्दर्शक मॅक्स माक यांनी ही रीत उलटी केली. चित्रपट ‘वो इस्ट कोलेटी?’, म्हणजे ‘कोलेटी कुठे आहे?’ मूकपट, आणि तोही विनोदी.

गोष्ट अशी. कोलेटी हा बर्लिनमधला नामांकित गुप्तहेर. हान्स युंकरमान यांनी ही भूमिका केली आहे. एक गुन्हेगार हातचा निसटला म्हणून त्याच्यावर वर्तमानपत्रातून टीका होते. तो चिडतो आणि जाहीर करतो, ‘मी ४८ तास याच शहरात लपतो. जो मला शोधेल, त्याला १ लाख मार्क!’ झालं! सगळं बर्लिन गुप्तहेर होतं.

आता गंमत बघा. कोलेटी एका न्हाव्याला आपल्यासारखा सजवून बाहेर पाठवतो. तो ओम्निबसमध्ये बसतो आणि लोक त्याच्याच मागे लागतात. हा पाठलाग बर्लिनच्या खऱ्या रस्त्यांवर चित्रित केलेला आहे, त्यामुळे त्या काळचं शहर आपल्याला धावतं दिसतं. पुढे या पाठलागाचीच फिल्म थिएटरात लागते आणि खरा कोलेटी प्रेक्षकांत बसून ती बघतो. पडद्यावरचा सगळ्यांना दिसतो, शेजारचा कुणालाच नाही!

म्हणजे काय, तर गर्दी माणूस शोधत नाही. ती कपडे आणि चेहरेपट्टी शोधते. शेरलॉक होम्सच्या परंपरेतला गुप्तहेर बारीकसारीक खुणांवरून माणसापर्यंत पोचतो. इथे हजारो डोळे आहेत, पण तर्क एकाकडेही नाही. आमच्या मते या चित्रपटाचं खरं मोल या निरीक्षणात आहे. प्रेमप्रकरण आणि वेषांतरं तशी बेताचीच आहेत.

पण एक प्रश्न तो टाळतो. बक्षिसाच्या आशेनं धावणाऱ्या जमावाच्या हाती चुकीचा माणूस लागला तर? इथे सोंग आधीच ठरलेलं आहे, म्हणून आपण निर्धास्त हसतो. बरोबर १८ वर्षांनी, १९३१ साली, फ्रिट्झ लांग यांच्या ‘एम’ या बोलपटात पुन्हा बक्षीस लागतं, या वेळी १० हजार मार्कांचं, बालकांच्या खुन्यासाठी. एक मुलगी रस्त्यात एका म्हाताऱ्याला किती वाजले विचारते. तो साधं उत्तर देतो, आणि बघता बघता लोक त्याला घेरतात. तिथे हसू येत नाही. मधल्या काळात त्या देशानं महायुद्ध, उपासमार, चलनाची धूळधाण असं सगळं पाहिलं होतं.

माक यांनी भविष्य सांगितलं, असा दावा आपण करायला नको. त्यांना लोकांना हसवायचं होतं, आणि ते त्यांना साधलं. पण संशय किती सहज खेळ होऊ शकतो, हे त्या हसण्यातच दिसतं. म्हणून हा मूकपट बघताना कोलेटीपेक्षा त्या न्हाव्याकडे जरा जास्त लक्ष ठेवा.