गोळी दिसते, जमीन दिसत नाही

११ जानेवारी १९८२. वडाळ्याला आंबेडकर कॉलेजजवळ पोलिसांनी मन्या सुर्वेला गोळ्या घातल्या. बरोबर आठवड्याने, १८ जानेवारीला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले.

पहिल्या घटनेवर संजय गुप्तांनी 'शूटआऊट ॲट वडाळा' (२०१३) काढला. त्यात मन्या आहे, सूड आहे, स्लो मोशन आहे. शहर मात्र मागे लावलेल्या पडद्यासारखं. मन्या कुठल्याही शहरातला असता तरी सिनेमा फारसा बदलला नसता.

महेश मांजरेकरांचा 'लालबाग परळ' (२०१०) दुसऱ्या घटनेच्या पोटात शिरतो. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरून केलेला हा सिनेमा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इथे जागेला अर्थ आहे. धुरींची खोली इतकी लहान की मुलगे नाक्यावरच वाढणार. गिरणीचा भोंगा थांबला, पगार थांबला, की त्याच नाक्यावर गँगला पोरं मिळतात. नरूच्या हातात बंदूक येते तोवर घरातलं बरंच काही आधीच मोडलेलं असतं.

पण हा सिनेमाही शेवटी रक्ताच्या नादी लागतो आणि दोष मालकाच्या चेहऱ्यावर ठेवून मोकळा होतो. जमीन गेली ती नियमांनी. १९९१च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: मोकळी जागा, म्हाडाची घरं आणि मालक. २००१च्या बदलाने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. या गोष्टीत पाठलाग नाही, म्हणून कॅमेरा तिकडे वळत नाही.

मी कांदिवलीत, चारकोपला राहतो. इथले कितीतरी जण लालबाग-परळची खोली विकून आलेले. गणपतीत ते लालबागला जातात ते गावाला गेल्यासारखे. गँगमध्ये गेलेल्या पोरांपेक्षा असे मुकाट्याने निघून गेलेले कितीतरी जास्त. तरी त्यांच्यावर गँगस्टर सिनेमा एक शॉटही खर्च करत नाही. शहर कोणाचं, हे ठरतं ते कपाट, गॅस आणि देव्हारा घेऊन उत्तरेकडे निघालेल्या टेम्पोत. तो टेम्पो दाखवल्याशिवाय मन्या किंवा नरू नीट कळणार नाहीत. नाहीतर आपण पोरांच्या हातातली पिस्तुलंच मोजत बसू, आणि त्यांच्या पायाखालची जमीन कोणी घेतली हे विचारायचं राहून जाईल.