‘अभिजात’ मराठी चित्रपट : एका यादीची चिकित्सा

१

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि ‘अभिजात’ हा समीक्षेतील शब्द सार्वजनिक व्यवहारात आला. शासनाच्या लेखी अभिजातता ही निकष पूर्ण करून मिळणारी पदवी आहे. भाषेचे प्राचीनत्व आणि ग्रंथपरंपरा सिद्ध झाली की प्रश्न मिटतो. कलाकृतीच्या बाबतीत मात्र प्रश्न असा मिटत नाही. कलाकृती एकदा अभिजात ठरली की ती तशी का ठरली, हे विचारण्याची गरज आपल्याला वाटेनाशी होते. मराठी चित्रपटाच्या संदर्भात हे विशेषत्वाने घडले आहे. प्रस्तुत लेखात या न विचारलेल्या प्रश्नाकडे लक्ष वेधावयाचे आहे. त्या निमित्ताने काही आवडत्या आणि काही उपेक्षित चित्रपटांविषयीची मतेही नोंदवावयाची आहेत.

‘अभिजात मराठी चित्रपट कोणते?’ असे विचारले की सामान्यतः पुढील नावे येतात : ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७), ‘श्यामची आई’ (१९५३), ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९७१), ‘सिंहासन’ (१९७९), ‘उंबरठा’ (१९८२), ‘बनगरवाडी’ (१९९५). यांपैकी एकाही चित्रपटाची योग्यता नाकारण्याचे कारण नाही. परंतु ही यादी एकत्र वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. ‘कुंकू’मागे ना. ह. आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ आहे, ‘श्यामची आई’मागे साने गुरुजी आहेत, ‘शांतता!’मागे तेंडुलकर, ‘सिंहासन’मागे अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्या, ‘उंबरठा’मागे शांता निसळ यांची ‘बेघर’ आणि ‘बनगरवाडी’मागे व्यंकटेश माडगूळकर. ‘संत तुकाराम’मागे तर साक्षात गाथाच उभी आहे. म्हणजे चित्रपटाला अभिजाततेच्या मंदिरात प्रवेश देताना आपण त्याच्या हातात एखादा मान्य ग्रंथ आहे की नाही, हे पाहत आलो आहोत. हा निकष कोणी उघडपणे मांडलेला नाही. म्हणूनच तो अधिक परिणामकारक ठरला आहे.

यात नवल नाही. मराठीत चित्रपटाविषयी गांभीर्याने लिहिणारे बहुतेक जण साहित्याकडून चित्रपटाकडे आलेले. त्यांनी सोबत आणलेली परिभाषाही साहित्याचीच होती : कथानक, व्यक्तिरेखा, संवाद, आशय, मूळ कृतीशी इमान. पदव्युत्तर वर्गात ‘साहित्यकृतीचे माध्यमांतर’ शिकवतानाही आपण कादंबरीतील काय गळले आणि काय वाढले, याचा ताळेबंद मांडतो. पडद्यावर काय घडले, हे बहुधा त्या ताळेबंदाबाहेर राहते.

२

अभिजाततेची कल्पना येथे थोडी स्पष्ट केली पाहिजे. टी. एस. एलियट यांनी १९४४ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात अभिजाततेचा संबंध प्रगल्भतेशी जोडला : संस्कृती, भाषा आणि मन प्रगल्भ झाल्यावर अभिजात कृती निर्माण होते. फ्रँक करमोड यांनी १९७५ मधील ‘द क्लासिक’ या पुस्तकात वेगळी दिशा दाखवली. अभिजात कृती टिकते ती तिचा अर्थ अढळ असतो म्हणून नव्हे, तर बदलत्या काळातील वाचकांना तिच्यात नवे अर्थ सापडण्याची सोय असते म्हणून, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. मराठी चित्रपटाची आपली यादी बव्हंशी पहिल्या कल्पनेवर उभी आहे. प्रगल्भ ग्रंथाची प्रगल्भता चित्रपटात उतरते, असे त्यामागील गृहीतक आहे. मला दुसरी कल्पना अधिक उपयोगाची वाटते. नव्या ठिकाणच्या, नव्या काळातील प्रेक्षकाने नवा प्रश्न विचारला असता जी कृती स्वतःच्या माध्यमातून उत्तर देते, ती अभिजात. ‘स्वतःच्या माध्यमातून’ ही अट यात महत्त्वाची आहे.

या निकषावर प्रथम यादीतील सर्वमान्य चित्रपट तपासून पाहू.

३

दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत तुकाराम’ १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला आणि मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. या दोन गोष्टी सांगून त्याच्यावरील मराठी लेखन बहुधा थांबते. उरलेली जागा पागनिसांच्या तल्लीनतेचे वर्णन भरून काढते. कुमार शहानी आणि गीता कपूर यांनी या चित्रपटाचे रूपनिष्ठ विश्लेषण इंग्रजीतून केले आहे. कपूर यांचा लेख १९८७ मधला. आपल्या समीक्षेने त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही. म्हणून मी असे म्हणेन की आपल्या यादीतील सर्वांत आवडता चित्रपट हाच एका अर्थाने सर्वांत उपेक्षितही आहे.

हिंगोली जिल्ह्यातून पाहताना या चित्रपटाचा एक पैलू ठळक होतो. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे. नामदेवांच्या गाथेचा प्रत्येक अभ्यासक एका प्रश्नाशी येऊन अडतो : ‘नामा’ ही मुद्रा असलेला प्रत्येक अभंग नामदेवांचा कसा मानावा? विष्णुदास नामा आणि इतर उत्तरकालीन नामे यांच्या रचना त्या गाथेत मिसळल्या आहेत, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. मुद्रा ही कर्त्याची खूण असते, तशीच ती परंपरेत शिरण्याची वाटही असते. ‘संत तुकाराम’ या चित्रपटाचा आरंभ नेमक्या याच प्रश्नाने होतो. तुकाराम एक अभंग आत्ममग्न होऊन गातो. पुढे तोच अभंग साळोमालो देवळात श्रोत्यांसमोर स्वतःच्या नावावर खपवतो. शब्द तेच आहेत. फरक दिसतो तो देहात, आवाजात आणि समोरच्या श्रोत्यांकडे पाहण्याच्या रीतीत. एकाचे गाणे सरळ आणि अंतर्मुख, दुसऱ्याचे नाटकी, दाद मागणारे. कर्तृत्वाचा वाद चित्रपटाने संवादातून मांडण्याआधी दोन गायनरीतींच्या विरोधातून मांडला आहे. लिखित संहितेला हे साधणे कठीण, कारण कागदावर दोन्ही अभंग सारखेच दिसतील.

याला एक विलक्षण पुरवणी आहे. बीज आणि वृक्ष यांच्या दृष्टान्तावरील या चित्रपटातील प्रसिद्ध अभंग तुकोबांचा नाही, तो गीतकार शांताराम आठवले यांचा आहे. तो तुकोबांच्या वळणाशी इतका एकरूप झाला की अनेकांनी तो गाथेतीलच मानला. साळोमालोने तुकोबांची रचना आपल्या नावावर केली, आठवल्यांची रचना तुकोबांच्या नावावर गेली. एकाला परंपरेने चोर ठरवले, दुसऱ्याला आपल्यात सामावून घेतले. नर्सीच्या परिसरात वाढलेल्या आणि ‘नामा’ मुद्रेचा घोळ ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याला या चित्रपटातून संहिता-चिकित्सेचा पहिला धडा देता येईल.

जिजाईचेही असेच. गौरी यांनी उभी केलेली ही व्यक्तिरेखा ‘कजाग बायको’ या साच्यात बसवून आपण मोकळे झालो. आजारी मुलासाठी पायताण हाती घेऊन विठोबाला जाब विचारायला निघालेली ही बाई चित्रपटाचे दुसरे केंद्र आहे. तुकाराम वैकुंठाला जातो, ती मागे राहते. भक्तीचा गौरव करणाऱ्या या चित्रपटाने भक्तीची किंमत कोण मोजते, हेही पडद्यावर ठेवले आहे. चमत्काराच्या दृश्यांइतकेच जेवणाच्या, मुलांच्या आणि म्हशीच्या दृश्यांना येथे वजन आहे. हे संतुलन गाथेतून आयते मिळालेले नाही, ते चित्रपटकर्त्यांचे आहे.

४

आता यादीबाहेरच्या तीन चित्रपटांकडे वळू.

पहिला, व्ही. शांताराम यांचा ‘माणूस’ (१९३९). शिपाई गणपत आणि वेश्या मैना यांच्या या कथेमागे कोणतीही प्रतिष्ठित कादंबरी नाही. ए. भास्करराव यांची कथा, अनंत काणेकरांचे संवाद, शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांच्या भूमिका. ‘कुंकू’च्या नीरेला जो मान मिळाला तो मैनेला मिळाला नाही. याचे कारण उघड आहे. नीरेचा विद्रोह सुशिक्षित मध्यमवर्गाला आपला म्हणता येतो, मैनेचे प्राक्तन आपले म्हणता येत नाही. स्मरणात राहिले ते तिचे एक गाणे, आणि त्या गाण्याने चित्रपट झाकून टाकला. वास्तविक ते गाणेही ऐकण्यापेक्षा पाहण्याचे आहे. समोरच्या गिऱ्हाइकांप्रमाणे मैना भाषा बदलत जाते. बहुभाषकता हा येथे बाजाराचा नियम आहे. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत राहिलेल्या, घरात मराठी आणि कचेरीत उर्दू अशा दुहेरी व्यवहारात वाढलेल्या मराठवाड्याला भाषा आणि पोट यांचे हे नाते निराळे समजावून सांगावे लागणार नाही. याच चित्रपटात भावविवश प्रेमपटांचे विडंबन करणारा चित्रीकरणाचा प्रसंग आहे. आपल्या काळातील लोकप्रिय प्रेमकल्पनेची चित्रपटाच्याच भाषेत केलेली ती समीक्षा होय. माझ्या पसंतीक्रमात ‘माणूस’ ‘कुंकू’च्या वर आहे.

दुसरा, आचार्य अत्रे यांचा ‘महात्मा फुले’ (१९५४). अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पुढच्याच वर्षीच्या ‘महात्मा फुले’ला रौप्यपदक मिळाले. दिग्दर्शक तोच, काळ तोच, शासकीय मान्यताही जवळपास सारखी. तरी एक घराघरांत पोहोचला आणि दुसरा जयंतीपुरता उरला. ‘श्यामची आई’तील संस्कारविश्व अभिरुचीच्या धुरीणांना ओळखीचे होते, जोतीरावांचा प्रश्न त्यांना अडचणीचा होता, हे यामागील एक कारण नाकारता येणार नाही. नामांतराच्या सोळा वर्षांच्या संघर्षातून गेलेल्या मराठवाड्यात बसून हा फरक निव्वळ कलात्मक आहे असे मानणे भाबडेपणाचे होईल.

परंतु येथे समीक्षकाने सावध असले पाहिजे. विषय थोर आहे म्हणून चित्रपट अभिजात ठरवला, तर आपण जुनीच चूक नव्या बाजूने करू. ग्रंथाच्या जागी चरित्र येईल, इतकेच. बाबुराव पेंढारकर आणि सुलोचना यांच्या भूमिका असूनही ‘महात्मा फुले’ची रचना प्रसंगमालेची आहे आणि त्याची वाणी पुष्कळदा व्यासपीठावरची आहे. मात्र प्रत्यक्ष गाडगे महाराज पडद्यावर येतात तेव्हा चरित्रपटाची चौकट ओलांडली जाते. एकोणिसाव्या शतकातील कथेला विसाव्या शतकातील जिवंत साक्षीदार मिळतो. हा क्षण केवळ चित्रपटालाच शक्य होता. म्हणून माझे मत असे : ‘महात्मा फुले’ हा महत्त्वाचा चित्रपट आहे, अभिजात नव्हे. पण त्याला यादीबाहेर ठेवणाऱ्यांनी कलात्मक कारण कधी दिलेच नाही, हा आक्षेप तरीही उरतो.

तिसरा, मधुकर पाठक दिग्दर्शित ‘प्रपंच’ (१९६१). येथे ग. दि. माडगूळकरांचे नाव पाठीशी असूनही उपेक्षा टळली नाही. कुंभाराच्या घरातील वाढती खाणारी तोंडे आणि न पुरणारी मिळकत ही त्याची कथा. कुटुंबनियोजनाशी विषय जुळल्यामुळे त्याच्यावर प्रचारपटाचा शिक्का बसला आणि शिक्का बसला की पाहणे संपते. शाहीर अमर शेख यांच्यासारखा माणूस कष्टकऱ्याच्या भूमिकेत उभा राहतो तेव्हा अभिनयाला लोकमंचाचे बळ मिळते. पाऊस आणि बाजार यांच्या लहरीवर जगणाऱ्या आमच्या भागातील प्रेक्षकाला त्यातील दारिद्र्य उपदेशाचे निमित्त वाटत नाही. उपदेश वगळूनही चित्रपट उरतो काय, हीच अशा कृतीची खरी कसोटी आहे. माझ्या मते तो उरतो.

५

यावर आक्षेप येईल की ही शेवटी वैयक्तिक आवडनिवड आहे. आवड व्यक्तीची असते हे खरे, पण यादी समाजाची असते आणि तिचे परिणामही सामाजिक असतात. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मधली, म्हणजे मराठी बोलपटाला तीस वर्षे होऊन गेल्यानंतरची. जानेवारी २००३ मध्ये तेथील नायट्रेट फिल्मच्या कोठाराला लागलेल्या आगीत जुन्या चित्रपटांच्या अनेक प्रती भस्मसात झाल्या. ग्रंथाची एखादी प्रत कुणाच्या माळ्यावर तरी सापडते. चित्रपटाच्या बाबतीत अशी आशा फारच थोडी. म्हणून कोणता चित्रपट आधी जतन करावा, कोणाची प्रत दुरुस्त करावी, वर्गात काय दाखवावे, हे निर्णय शेवटी यादीच घेते. साहित्याच्या इतिहासात उपेक्षा म्हणजे विस्मरण. चित्रपटाच्या इतिहासात ती नाशाला कारण होऊ शकते.

यादी मोडावी असे येथे सुचवावयाचे नाही. तिच्यातील प्रत्येक नावापुढे ‘का?’ हा प्रश्न लिहावा आणि त्याचे उत्तर ग्रंथातून न देता पडद्यावरून द्यावे, एवढीच अपेक्षा आहे. ‘संत तुकाराम’ या परीक्षेत अधिक तेजाने उतरतो, ‘माणूस’ आत येतो, ‘महात्मा फुले’ आपल्या अभिरुचीला प्रश्न विचारत दाराशी उभा राहतो आणि ‘प्रपंच’ पुन्हा पाहण्याची निकड निर्माण होते. मराठी विभागांतून चित्रपट शिकवला जाणार असेल, तर तो साहित्याचा धाकटा भाऊ म्हणून शिकवला जाऊ नये. साळोमालो आणि तुकाराम यांच्या मुखी एकच अभंग असतो आणि तरी तो एक नसतो, हे ज्याच्या डोळ्यांना व कानांना कळले, त्याला माध्यम म्हणजे काय ते कळले असे समजावे.