ऋषींचा सोम आणि सातपुड्याचा मोह

गॉर्डन वॅसन ह्या अमेरिकन गृहस्थांचा ‘सोम’ हा १९६८ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ आम्हीं नुकताच पुन्हा वाचला. वेदांतील सोम ही वेल नसून पांढऱ्या ठिपक्यांचें एक लाल, मादक अळंबें होय, हा त्यांचा सिद्धांत. ऋग्वेदांत सोमाचीं पानें, फुलें, मुळें ह्यांचा उल्लेख नाहीं, ह्यावर त्यांची भिस्त आहे. जॉन ब्रफ ह्या संस्कृतज्ञांनीं १९७१ सालीं त्यावर सविस्तर आक्षेप घेतले. उल्लेख नाहीं म्हणून वस्तूच नव्हती, हें अनुमान आम्हांसहि लंगडें वाटतें.

परंतु ग्रंथाचें खरें मोल वनस्पतिनिर्णयांत नाहीं. मादक वस्तु माणसें कां घेतात, हा प्रश्न तो जागा करितो. स्वतः वॅसन १९५५ सालीं मेक्सिकोंतील एका डोंगरी गांवीं मारिया साबिना ह्या बाईंच्या रात्रविधींत अळंबीं खाऊन बसले होते. तेथील माझातेक लोक आजाराचें कारण कळावें म्हणून तीं घेत. १९५७ सालीं वॅसन ह्यांनीं ती हकीकत ‘लाइफ’ नियतकालिकांत छापली आणि परकी तरुणांच्या झुंडी तेथें लोटल्या. त्यांना रोगी बरा करावयाचा नव्हता. देव पाहावयाचा होता. गांवानें दोष दिला तो साबिनाबाईंना. त्यांचें घरहि जाळण्यांत आलें. अळंबें तेंच, हेतु मात्र पालटला.

हें वाचतांना आमचें लक्ष घराकडे वळलें. चोपडें-शिरपुराकडील सातपुड्यांत पावरा व भिल्ल लोक मोहाच्या फुलांची दारू गाळतात. देवकार्यांत तिची धार आधीं देवाला, मग माणसाला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें गाळप परवान्याखालीं आणलें आणि घरची भट्टी गुन्हा ठरली. जळगांव-धुळ्याचा सुशिक्षित मनुष्य सोमाचें नांव निघतांच हात जोडतो, मोहाचें निघतांच नाक मुरडतो. दूरची धुंदी त्याला अध्यात्म वाटते, शेजारची व्यसन.

म्हणून मोहाची आरती ओवाळावी, असें आम्ही म्हणत नाहीं. दारूनें उठलेलीं घरें ह्याच डोंगरांत आहेत. १९३८ च्या सुमारास, त्या वेळच्या पश्चिम खानदेशांतील तळोदें तालुक्यांत, गुलाम महाराजांनीं दारू सोडण्याचा उपदेश केला आणि हजारों भिल्लांनीं तो मानला. जे पीत होते, त्यांनींच निवाडा केला. अबकारीच्या शिपायानें नव्हे, आणि आम्हीं तर नव्हेच.

वॅसन ह्यांची उणीव आम्हांस येथेंच दिसते. मैदानांत सोम मिळेना म्हणून यज्ञांत दुसऱ्या वनस्पति आल्या, असें ते मानतात. माणसें जाणूनबुजूनहि एखादी वस्तु सोडतात, हा विचार त्यांना फारसा शिवत नाहीं. घेणाऱ्याचा हेतु जाणून घ्यावयाचा, तर सोडणाऱ्याचाहि घ्यावयास हवा. ज्यास दोन्ही ठाऊक नाहींत, त्यानें ऋषींस वंदन करूं नये आणि भिल्लांस हंसूंहि नये.