इंजिन नसलेली गाडी

चित्रात रिकामं स्टेशन दिसलं की आपण 'एकटेपणा' लिहून मोकळे होतो. संशोधन आराखड्यांत हा शब्द फार स्वस्त झालाय.

व्हॅन गॉगचं 1888च्या ऑगस्टमधलं 'रेल्वेचे डबे' बघा. आर्लमध्ये काढलेलं हे चित्र आता आव्हीन्योंच्या आंग्लादों संग्रहालयात आहे. रुळांवर नुसते डबे उभे, इंजिन नाही. अकरा वर्षं आधी मोनेनं पॅरिसच्या सां-लाझार स्टेशनातली वाफ रंगवली होती. तिच्यात गाडी, छप्पर, माणसं सगळं विरघळतं. व्हॅन गॉगचा डबा मात्र डबाच राहतो, ठाम रंगांचा, कोरड्या उन्हातला. उत्तर-दृक्प्रत्ययवादाची व्याख्या पाठ करण्याआधी ही दोन चित्रं शेजारी ठेवा, अर्धं काम होतं.

मग उदासी आली कुठून? मला वाटतं, आपणच ती सोबत नेतो. आमच्या धनजकडचा, म्हणजे कारंजा तालुक्यातला म्हातारा माणूस असे उभे डबे बघून कापूस आठवेल. मूर्तिजापूर–यवतमाळ 'शकुंतला' कारंज्यावरूनच जायची, आणि ती लाइन टाकलीच होती वऱ्हाडचा कापूस न्यायला. त्याच्या लेखी उभी गाडी म्हणजे माल चढतोय.

आर्लच्या त्या डब्यांतून काय न् कोण जायचं, हा प्रश्न तुमच्या आराखड्यात कितव्या पानावर येतो?