तुरुंगांतील संवाद आणि पत्रांतील वाद

कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणीं अब्रुनुकसानीची शिक्षा भोगून १८८२ सालीं बाहेर आल्यावर आगरकरांनीं ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस’ हें लहानसें पुस्तक लिहिलें. तें बहुधा विनोदाकरितां वाचलें जातें, व तो विनोद उत्तमच आहे. परंतु आम्हांस त्याचें मोल निराळ्या कारणासाठीं वाटतें. टिळक व आगरकर यांचा मतभेद जेव्हां केवळ संभाषण होता, त्या काळाचें हें चित्र आहे. दोघांचा आवाज कधीं कधीं इतका चढे कीं, पहारेकऱ्यांस त्यांना दटवावें लागे!

माणसें मोकळेपणीं बोललीं म्हणजे मतें जुळतात, असा एक गोड समज आहे. त्यास येथें आधार मिळत नाहीं. १०१ दिवस बोलूनही पांच वर्षांत, म्हणजे १८८७ सालीं, आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले, पुढल्या वर्षीं ‘सुधारक’ निघाला, आणि मुलींचें संमतिवय दहावरून बारावर नेणाऱ्या १८९१ च्या कायद्याच्या वेळीं वैर पराकोटीस गेलें. आगरकरांची तर जिवंतपणीं प्रेतयात्रा निघाली.

मग बदललें काय? तुरुंगांत ऐकणारा आणि विरोध करणारा एकच होता. पुण्यांत ते दोन झाले. लिहावयाचें प्रतिपक्षाविरुद्ध, पण वाचणार स्वपक्ष. आणि स्वपक्षास कालच्यापेक्षां तिखट लेख हवा असतो. एकमताच्या मंडळींची चर्चा त्यांचें मूळचें मत अधिकच टोंकास नेते, हें १९६९ सालीं मोस्कोव्हिसी व झाव्हालोनी या मानसशास्त्रज्ञांनीं पॅरिसच्या विद्यार्थ्यांवरील प्रयोगांत दाखविलें: द गोलविषयींचा त्यांचा आदर चर्चेनंतर वाढला, अमेरिकनांविषयींची अप्रीतीही वाढली. पुण्याच्या वाड्यांतून हा प्रयोग आधींच होऊन गेला होता, असें म्हणावयास हरकत नाहीं.

तुरुंगांतील बोलण्यानें मतैक्य झालें नाहीं. मात्र प्रतिपक्षी नेमकें काय म्हणतो, हें प्रत्येकास ठाऊक राहिलें. हा लाभ थोडा नव्हे. ज्या घरांतून आज भिन्न मताच्या आप्तांशीं राजकारण बोलणेंच वर्ज्य झालें आहे, तेथें तर तो मोठाच वाटेल.

पुस्तकाचें एक वैगुण्य सांगितलेंच पाहिजे. टिळकांची बाजू येथें आगरकरांच्या लेखणींतूनच ऐकावी लागते. म्हणून आगरकर १८९५ च्या जूनमध्यें वारल्यावर टिळकांनीं ‘केसरी’त लिहिलेला मृत्युलेख वाचकांनीं यासोबत अवश्य वाचावा.